मशीनचे वार, रंगाचे वार

ॲलिस स्प्रिंग्जमधल्या डायलिसिसच्या पेशंटचा आठवडा दोन रंगांत वाटलेला असतो. मशीनचे वार आणि मोकळे वार. काही जण सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले, काही मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले. चार-पाच तास खुर्चीत, दोन जाड सुया हातात, आणि घरी गेल्यावर अंगात त्राण नाही. मी मिरजेत नर्सिंग शिकले, काही वर्षं सांगलीत डायलिसिसलाच होते, आणि त्याच अनुभवाच्या जोरावर ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर येऊन पडले. इथे माझ्या खुर्च्यांवर बसणारे जवळजवळ सगळे ॲबोरिजिनल. आणि त्यातले कितीतरी या गावचे नाहीतच.

ते येतात किंटोरहून, किविरकुराहून, पापुन्याहून. किंटोर इथून पश्चिमेला पाचशेहून अधिक किलोमीटर, किविरकुरा साधारण ७००. पुण्याहून नागपूर गाठावं इतकं अंतर, फक्त वाटेत ना नगर ना अमरावती, एकाही धाब्यावर चहा नाही. लाल माती, वाळूच्या टेकड्या आणि बराचसा कच्चा रस्ता. किडन्या निकामी झाल्या की माणसाला ते सगळं सोडून ॲलिसच्या गावात यावं लागतं, कारण मशीन गावात आहे. वाळवंटातल्या वस्त्यांमध्ये हा आजार इतका का, याची उत्तरं एकात एक गुंतलेली आहेत: मधुमेह, लहानपणी वारंवार होणारे त्वचेचे संसर्ग, जन्मतःच कमी वजन, दाटीवाटीची घरं, दुकानातलं महागडं डबाबंद खाणं. ऑस्ट्रेलियाच्या सरासरीच्या कितीतरी पट हे प्रमाण आहे. आम्ही नर्सेस ते रोज बघतो, आणि बघून बघून सवय होते, हे काही चांगलं नाही.

आता मी मदतीला जाते त्या चित्रकारांच्या स्टुडिओचं सांगते. आधी एक खुलासा: इथे कुणाचं नाव नाही. पेशंटची गोष्ट बाहेर सांगू नये हे तर आहेच. ज्या आजींबद्दल लिहिते आहे, त्या दोघी-तिघींच्या मिळून एक केल्या आहेत, आणि त्यांना विचारून.

आजी डावखुऱ्या. फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शिरेला धमनी जोडून केलेली जागा, शक्यतो कामाचा हात सोडून दुसऱ्या हातात करतात. म्हणून त्यांचा उजव्या हातात. सुई लावण्याआधी मी त्या जागेवर बोटं ठेवून आतली थरथर तपासायची, आणि दर खेपेला दुसऱ्या हाताच्या नखांत रंग दिसायचा. कधी पिवळा, कधी विटकरी. इन्फेक्शन कंट्रोलच्या दृष्टीने मी एकदा नखं घासायचा ब्रश दिला, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, तू ये तिकडे. बघ.’ तिकडे म्हणजे टॉड नदीपासून जवळच्या एका शेडमध्ये. (नदी म्हणायचं ते कौतुकाने. पात्रात वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू आणि मोठमोठी गम झाडं.) गावात राहावं लागलेले पश्चिम वाळवंटातले कलाकार तिथे मोकळ्या वारी येऊन चित्रं काढतात. एक मॅनेजर, दोन स्थानिक ॲबोरिजिनल कर्मचारी, आणि मदतीला माझ्यासारखे हौशी.

हौशीने जाऊन बसता येत नाही, हे पहिल्याच फेरीत कळलं. नॉर्दर्न टेरिटरीत मुलांच्या आसपास काम करायचं तर ओकर कार्ड लागतं, ते काढावं लागलं. स्टुडिओत नातवंडं असतातच. पोलिसांचा दाखला. शिवाय मी ज्यांना मशीनला लावते तेच लोक तिथे असणार, म्हणून हॉस्पिटलकडून लेखी परवानगी. त्यात अट: स्टुडिओत बीपी मोजायचं नाही, औषधांवर बोलायचं नाही, रजिस्टरमधली कुठलीही गोष्ट तोंडातून काढायची नाही. हे कागद हलायला बरेच आठवडे गेले. मग अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, तेही एका अरेर्न्टे बाईंकडून, कारण ही जमीन अरेर्न्टे लोकांची. ॲलिसचं त्यांचं नाव म्पार्न्ट्वे. पश्चिम वाळवंटातून आलेला पिंटुपी माणूसही इथे पाहुणाच आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. आपल्या जमिनीचं चित्र दुसऱ्याच्या जमिनीवर बसून काढायचं, तेव्हा यजमानांचा मान राखायचा, आणि तो सगळे राखतात.

प्रशिक्षणातलं बरंचसं मला जड गेलं नाही. डोळ्यांत डोळे घालून बोलू नकोस, प्रश्नांचा भडिमार करू नकोस, शांतता भरून काढायला बडबडू नकोस. जावई आणि सासूने समोरासमोर यायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. म्हणून कुणाची चटई कुठे टाकायची हे आधी विचारायचं. माणूस गेला की त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याच नावाच्या जिवंत माणसालाही काही काळ दुसऱ्या नावाने हाक मारायची. माझ्या आजीने जन्मभर आजोबांचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही, त्यामुळे नाव न घेता माणसाविषयी कसं बोलायचं ही कला मी घरीच पाहिली होती.

अवघड गेला तो मॅनेजरने सांगितलेला एकच नियम: कॅनव्हासला बेस, म्हणजे खालचा सपाट रंग, लागला की पुढे तुझा हात त्यावर नाही.

माझं काम त्या आधीचं. लिननचा रोल जमिनीवर सोडायचा, मापाने कापायचा, ताणून जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, पांढरे हात द्यायचे, वाळल्यावर पॉलिशपेपर मारायचा, मग आजींना विचारून बेस लावायचा. काळा की विटकरी की गडद जांभळट, हे त्या ठरवतात, आणि बोलून नाही, डब्याकडे ओठ पुढे काढून दाखवतात. इथे बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात. मग दह्याच्या रिकाम्या डब्यांत ॲक्रिलिक घोळायचं: फार पातळ झालं तर ठिपका पसरतो, फार घट्ट झालं तर त्याला टोक येतं. हे जमायला मला वेळ लागला, आणि आजी डबा काडीने ढवळून, काही न बोलता, बाजूला सरकवायच्या. दुसरा कालव.

त्या जमिनीवर बसून काढतात. कॅनव्हास आडवा, स्वतः त्याच्या कडेला. समोरचा भाग भरला की कॅनव्हास फिरवतात किंवा स्वतः फिरतात. बांबूची काडी रंगात बुडवायची, तीन-चार ठिपके, पुन्हा बुडवायची. ठिपका नुसता टेकवत नाहीत, हलकेच ओढतात, म्हणजे शेजारच्या ठिपक्याला तो चिकटतो आणि रेघ तयार होते, पण रेघेत धाप लागल्यासारखे गाठीगाठींचे उंचवटे राहतात. अशा रेघा शेजारी शेजारी, शेकडो. वाळूच्या टेकड्या आहेत, आणि बायकांच्या अंगावर समारंभात काढायच्या पट्ट्याही त्याच आहेत. तोंडाने गाणं चालू असतं, फार हळू. ते ज्या जागेचं चित्र आहे त्या जागेचं गाणं. चित्राला वर-खाली नसतं. पूर्ण झाल्यावर मॅनेजर विचारतो, भिंतीवर कुठली बाजू वर लावू? आजी खांदे उडवतात. भिंत ही तुमची अडचण.

आणि मी शेजारी बसलेली. त्यांचा गुडघा दुखतोय, हात लांब पोचत नाहीये, पलीकडच्या कोपऱ्यातले ठिपके राहिलेत, आणि नर्सचा हात आपोआप पुढे जातो. तो मागे घ्यायचा. कॅनव्हास फिरवून द्यायचा, उशी द्यायची, डबा जवळ सरकवायचा, पण काडी उचलायची नाही. हा नियम नुसता सोवळ्याओवळ्याचा नाही. एक तर ती गोष्ट काढायचा अधिकार त्यांना आजी-वडिलांकडून आलेला असतो. दुसऱ्या कुळातला पिंटुपी माणूसही तिथे हात घालत नाही, तर मी कोण? दुसरं, बाजार. २०२३ मध्ये इथल्या वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कलाकेंद्रांच्या एका समूहात गोऱ्या सहाय्यकांनी चित्रांवर ब्रश चालवल्याचा आरोप झाला, समूहाने तो साफ नाकारला, कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीने आपल्या प्रदर्शनातल्या चित्रांची स्वतंत्र समितीकडून तपासणी करून घेतली. समितीचा निष्कर्ष कलाकारांच्या बाजूने आला, पण तोवर प्रदर्शन लांबणीवर पडलं होतं, आणि वाळवंटातल्या प्रत्येक कलाकाराला गिऱ्हाईक ‘हे तुम्हीच काढलंत ना?’ असं विचारू लागलं होतं. संशयाची किंमत सहाय्यकाला मोजावी लागत नाही, कलाकाराला लागते. म्हणून बेसनंतर हात नाही.

आमच्या चहाबद्दल लिहायलाच हवं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून: दिवसाला बहुतेकांना अर्धा लिटर, वर जेवढी लघवी होत असेल तेवढं. दोन डायलिसिसमध्ये वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी, एक किलो म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा, आणि समोर चहाची किटली. इथल्या लोकांना चहा मोठ्या टिनच्या मगातून, भरपूर साखर घालून लागतो. स्टुडिओत कुणीतरी फार पूर्वी शहाणपणा केला: सगळे मोठे मग काढून टाकले. सगळ्यांना छोटे कप. मॅनेजरला, पाहुण्यांना, सिडनीहून आलेल्या गॅलरीवाल्यांनाही. त्यामुळे कोण पेशंट आणि कोण नाही हे कपावरून कळत नाही. आमच्या युनिटमध्ये पाणी कमी पिण्याबद्दलची चित्रांची रंगीत पोस्टरं लावली आहेत. त्यांचा किती उपयोग होतो ते मला माहीत आहे. या कपांचा जास्त झाला असावा.

बाहेरून येणारे याला ‘आर्ट थेरपी’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. गॅलरीवाले म्हणत नाहीत, आमचेच हॉस्पिटलवाले म्हणतात. हा दवाखान्याचा जोडधंदा नव्हे, हा या लोकांचा पिढीजात चालत आलेला धंदा आहे. १९७१ मध्ये पापुन्याच्या शाळेच्या भिंतीवर इथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी मधमुंगीचं चित्र काढलं, आणि १९७२ मध्ये पापुन्या टुला ही कलाकारांच्याच मालकीची कंपनी निघाली. त्या कंपनीची गॅलरी आजही टॉड मॉलमध्ये आहे. किंटोर-किविरकुराच्या बायका मोठ्या संख्येने स्वतःच्या नावाने रंगवू लागल्या त्या नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. व्हिडिओ कॉलवर मावशीने विचारलं होतं, ‘आपल्या वारलीसारखंच ना ते ठिपक्यांचं?’ दिसायला तर अजिबात नाही. पण एक गंमत आहे. वारली चौक लग्नात सवाशिणी काढायच्या, तो बायकांचा हक्क. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे या पुरुषाने रोज कागदावर काढायला घेतलं आणि ते जगभर गेलं. इथे त्याच दशकात पुरुषांनी सुरुवात केली आणि वीस-बावीस वर्षांनी बायकांनी ताबा घेतला. आज किंटोर-किविरकुराची मोठी नावं पाहिली तर त्यात बायका भरपूर आहेत. युकुल्त्जी नापांगाती यांना निसर्गचित्रांसाठीचं २०१८ चं विन पारितोषिक मिळालं. १९८४ मध्ये त्या आपल्या कुटुंबासह थेट वाळवंटातून किविरकुराला आल्या, तोवर गोरा माणूस पाहिला नव्हता.

आणि मशीनचा या चित्रांशी जो संबंध आहे, तो कुठल्याही थेरपीच्या उलटा आहे. इथे रोग्यांना कलेने बरं केलेलं नाही, कलेने मशीन विकत घेतलं. नव्वदच्या दशकात किंटोरची म्हातारी माणसं डायलिसिससाठी ॲलिसला यायची आणि इथेच झुरून मरायची. तिकडे मशीन देता येणार नाही, असं सरकारचं म्हणणं. तेव्हा २००० साली किंटोर आणि किविरकुराच्या कलाकारांनी चार मोठी चित्रं मिळून काढली, दोन्ही गावच्या पुरुषांचं एकेक आणि बायकांचं एकेक. सिडनीत आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये ती आणि इतर चित्रं लिलावात काढली, दहा लाख डॉलरहून अधिक जमले, त्यातून स्वतःची संस्था उभी राहिली, आणि २००४ मध्ये किंटोरला पहिलं डायलिसिस झालं. तीच आजची पर्पल हाउस. आता वाळवंटात ठिकठिकाणी तिची केंद्रं आहेत आणि मशीन बसवलेला एक ट्रकही आहे, गावोगाव फिरणारा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून दुर्गम भागातल्या डायलिसिसला मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे मिळू लागले. मी सांगलीत असताना डायलिसिस कुणी चित्रं विकून गावी नेल्याचं ऐकलं असतं तर थट्टा वाटली असती.

मग माणसं अजून ॲलिसमध्ये का? कारण तिथल्या खुर्च्या मोजक्या. ज्यांची तब्येत नाजूक, ज्यांना हृदयाचाही त्रास, त्यांना हॉस्पिटलजवळच राहावं लागतं. आणि पेशंट वाढतातच आहेत.

गावात राहणाऱ्या कलाकारामागे आणखी एक पीडा असते. इथे त्याला कार्पेटबॅगर म्हणतात. युनिटच्या गेटबाहेर गाडी लावून उभा राहणारा माणूस. आजी बाहेर आल्या की ‘चल, घरी सोडतो, वाटेत जेवण घेऊ.’ जेवणानंतर मोटेलची खोली, तिथे कॅनव्हास पसरलेला, रंग तयार. दोन-तीन दिवस तिथे बसून काढायचं, बदल्यात थोडी रोकड किंवा मोडकी गाडी, आणि वर नातवाने घेतलेल्या उधारीचा हिशेब. चित्र शहरात जाऊन दहापट किमतीला विकलं जातं. २००७ च्या सिनेट समितीच्या अहवालात या प्रकारांची चर्चा आहे, म्हणजे नवं काही नाही. मला ते कळलं ते असं: एक पेशंट मशीनचा वार चुकवून कुठेतरी गायब, तिसऱ्या दिवशी फुगलेल्या पायांनी आणि पोटॅशियम चढलेल्या अवस्थेत इमर्जन्सीत. तिच्या बोटांना रंग होता, पण स्टुडिओत ती आठवडाभर आलेली नव्हती. त्या गाडीवाल्याचं पुढे काय झालं? काही नाही. कायद्याने त्याने चित्र विकतच घेतलं होतं.

मोकळ्या वारी स्टुडिओची व्हॅन वस्तीवस्तीतून कलाकारांना घ्यायला जाते ती यासाठीच. चित्रकलेच्या ओढीने सगळे येतातच, पण व्हॅन आली तर ती गाडी येत नाही.

चित्र पूर्ण झालं की माझ्या आवडीचं काम सुरू होतं. मागच्या बाजूला नंबर घालायचा: कलाकाराची आद्याक्षरं, वर्ष, महिना, क्रमांक. फोटो, माप. मग गोष्ट लिहून घ्यायची. आजी पिंटुपी-लुरिच्यात सांगतात, नात इंग्रजीत, मी टाइप करते. पहिल्यांदा मी पुष्कळ लिहायच्या तयारीने बसले. आजी म्हणाल्या, ही किंटोरच्या पलीकडची पाण्याची जागा आहे. बायका इथे मुक्कामाला होत्या. त्यांनी कांपुरार्पाची, म्हणजे रानटोमॅटोची, फळं वेचली, वाटली, भाकरी केली. मग पुढे पूर्वेला गेल्या. संपलं. मी विचारलं, मग तिथे काय झालं? नात हसली. कागदावर शेवटी जायचं ते वाक्य ठरलेलं आहे: या घटना गोपनीय स्वरूपाच्या असल्यामुळे अधिक तपशील दिलेला नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला अख्खी गोष्ट मिळाली. त्याला मिळतं ते दार, आणि दाराला कुलूप. मला हे फार रास्त वाटतं. सगळं सगळ्यांना सांगायलाच हवं, हे कुणी ठरवलं?

पैशाचं सांगायचं तर, आमच्याकडे चित्र स्टुडिओने घेतलं की कलाकाराच्या खात्यात रक्कम जाते, विक्रीची वाट न बघता. कितीतरी केंद्रांत विकलं गेल्यावर मिळते. रक्कम जमा झाल्याची बातमी वाऱ्यापेक्षा आधी पसरते, आणि दुपारपर्यंत पुतणे-भाचे स्टुडिओच्या पायरीवर. या मागण्याला इथे ‘हम्बग’ म्हणतात. आजी तक्रार करतात आणि देतातही. न देणं हा पर्याय त्यांच्या हिशेबात नाही. मॅनेजरने एक युक्ती काढली आहे: आजींनी सांगितलं तर थोडी रक्कम ‘चाकांसाठी’ म्हणून वेगळी ठेवायची. घरी जायच्या गाडीची चाकं. त्यावर नातवाचाही हक्क नाही.

२०१० पासून इथे पुनर्विक्रीचा कायदाही आहे. चित्र हजार डॉलरला किंवा त्याहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं तर पाच टक्के कलाकाराला, आणि त्याच्या मागे वारसांना. तो यायला फार उशीर झाला. क्लिफर्ड पॉसम त्जापाल्त्जारी यांचं ‘वार्लुगुलॉंग’ १९७७ मध्ये एका बँकेने १,२०० डॉलरला घेतलं. २००७ मध्ये ते २४ लाख डॉलरना नॅशनल गॅलरीकडे गेलं. चित्रकार २००२ मध्येच गेलेले, कुटुंबाला त्यातला छदाम नाही. अल्बर्ट नमत्जिरांची गोष्ट तर याहून वाईट: त्यांच्या जलरंगांचे हक्कच १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने ८,५०० डॉलरना विकून टाकले, ते नातवंडांना परत मिळायला २०१७ उजाडलं. हे किस्से स्टुडिओत सगळ्यांना पाठ आहेत. नवा कागद सहीला आला की कुणीतरी ‘नमत्जिरा’ एवढंच म्हणतं, आणि मॅनेजर तो पुन्हा समजावून सांगतो.

सप्टेंबरात अरालुएन कला केंद्रात डेझर्ट मॉब असतं, १९९१ पासून दरवर्षी. वाळवंटातली सगळी कलाकेंद्रं एका ठिकाणी, आणि बाजाराच्या दिवशी झुंबड. मला आमच्या टेबलावर उभं केलं. उलुरूला निघालेलं एक पुण्याचं कुटुंब आलं, माझा उच्चार ऐकून काकूंनी मराठीतच विचारलं, ‘जरा कमी होईल का हो?’ मी म्हटलं, ‘काकू, या समोर बसल्यात त्यांनी काढलंय, त्यांनाच विचारा.’ काकूंनी आजींकडे पाहिलं, आजींनी काकूंकडे, दोघींनी एकमेकींच्या पातळाचं आणि झग्याचं निरीक्षण केलं, आणि काकूंनी पूर्ण पैसे मोजले. घासाघीस करण्यात वाईट काही नाही, मी मंडईत करतेच. पण विमानतळावरच्या दुकानात स्वस्तात मिळणारी ठिपक्यांची बूमरँग बहुतेक वेळा कुणा ॲबोरिजिनल माणसाच्या हातची नसतात, हे त्यांना सांगायला मात्र मी विसरले नाही. इंडोनेशियात बनवलेला माल ॲबोरिजिनल म्हणून विकल्याबद्दल एका कंपनीला २०१९ मध्ये २३ लाख डॉलरचा दंड झाला होता.

मधूनच स्टुडिओ अचानक बंद होतो. फोन येतो, ‘सॉरी बिझनेस’. कुणीतरी गेलं. भिंतीवरची त्या माणसाची चित्रं उतरवून मागच्या खोलीत ठेवतात, वेबसाइटवरचा फोटो काढतात, रजिस्टरमधल्या नावावर कागद चिकटवतात. बायका एकत्र जाऊन बसतात, आठवडा, दोन आठवडे, आणि अंत्यविधीला सगळे आपापल्या गावी निघतात, मशीनचे वार असोत की नसोत. युनिटच्या तक्त्यावर ‘आला नाही’ अशा फुल्या पडत जातात. पूर्वी मला त्या फुल्यांचा वैताग यायचा. आता फुली दिसली की आधी मी स्टुडिओला फोन लावते, माणूस कुठे निघालाय ते विचारते, आणि वाटेवरच्या केंद्रात खुर्ची रिकामी आहे का ते युनिटमधून पाहते. हॉस्पिटलच्या अटीत बसतं का? वरिष्ठांना विचारून घेतलंय, बसतं.

गावी जाण्याची खरी सोय ती नव्हे. किंटोरला कुणी सुट्टीवर गेलं किंवा वारलं की एखादी खुर्ची काही आठवड्यांसाठी मोकळी होते, आणि ॲलिसमध्ये अडकलेल्यांना पाळीपाळीने तिथे पाठवता येतं. त्याचे कागद मी युनिटमधून भरते: ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), रक्ताचे ताजे रिपोर्ट, हेपटायटिसची तपासणी, मशीनचं प्रिस्क्रिप्शन, फिस्टुलात सुई कुठे जाते आणि कुठे जात नाही याचं रेखाचित्र. यंदा आजींचा नंबर लागला. थंडीत, म्हणजे रात्री शून्याखाली पण दिवसा मस्त ऊन. चाकांचे पैसे साठलेलेच होते.

नेमकं सिडनीचं प्रदर्शन तोंडावर आलेलं, आजींचं मोठं चित्र अर्धं राहिलेलं. मॅनेजरने कॅनव्हास गुंडाळला, रंगाचे डबे खोक्यात भरले, तिकडे बसून पुरं करा म्हणाला. आजींनी खोक्याकडे पाहिलं आणि नातीला काहीतरी सांगितलं. नात मॅनेजरला म्हणाली, ‘त्या म्हणतात, ती जागा तिथेच आहे ना, मग चित्र कशाला काढायचं? त्यांना घोरपडी खणायला जायचंय. मशीनच्या वारी मशीन, उरलेल्या वारी घोरपड.’

मॅनेजरने खोकं परत आत नेलं आणि प्रदर्शनाची तारीख पुढे ढकलता येते का ते विचारायला सिडनीला फोन लावला.